तक्रार नाही

माणूस आजारी पडायच्या तीन वर्षं आधी तो कशानं, किती आणि कितीला आजारी पडणार हे सांगायचं, हा अंदाजबाईंचा धंदा होता. माजी सैनिकांच्या आरोग्य खात्यात चौथ्या मजल्यावर त्यांचं टेबल. पुढच्या तीन वर्षांत किती गुडघे झिजणार, किती डोळ्यांत मोतीबिंदू उतरणार, किती हृदयं कुरकुरणार आणि त्या सगळ्याला किती खर्च येणार, याचा तक्ता बाई दरवर्षी काढायच्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथून ते कधी बाहेर आलं नाही. लिफ्टवालासुद्धा म्हणायचा, "अंदाजबाई, लिफ्ट कधी बंद पडेल तेवढं सांगून ठेवा, म्हणजे मी त्या दिवशी सुट्टी टाकतो." एकदा बाईंनी वैतागून "मंगळवारी, साडेअकराला" म्हटलं, आणि मंगळवारी साडेअकराला लिफ्ट दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत खुद्द मोठे साहेब. तेव्हापासून खात्यात बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या रेघेनंच एका सोमवारी सकाळी बाईंचा गळा आवळला.

झालं होतं असं. दरवर्षी म्हाताऱ्या सैनिकांना सात पानांचा अर्ज जायचा. अक्षर मुंगीएवढं, प्रश्न अजगराएवढे. बाईंना दया आली. ज्यांना आपली चप्पल दिसत नाही त्यांनी सात पानं कशी वाचायची? म्हणून या वर्षी त्यांनी स्वतः, आपल्या हातानं, एका पानाचा अर्ज केला. ठळक अक्षरात एकच प्रश्न: "आपल्या प्रकृतीबद्दल काही तक्रार आहे का?" खाली दोन चौकोन, आहे आणि नाही. साहेबांनी पाठ थोपटली. छपाईचा खर्च वाचला.

नदीपलीकडच्या दवाखान्याच्या यादीत चारशे बारा माजी सैनिक होते. चारशे बारा अर्ज परत आले, एकही गहाळ नाही, एकावरही डाग नाही. आणि चारशे बारा जणांनी, जणू कुणी ओरडून हुकूम दिला असावा तशी, 'नाही'वर फुली मारली होती.

"अभिनंदन!" साहेब म्हणाले. "आपल्या खात्यानं सगळ्यांना बरं केलं."

"साहेब, बरे कसले? त्यातले बारा जण डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास यंत्राला बांधलेले असतात."

"तेच मी म्हणतो. तक्रार नाही आणि तीनदा येतात. नव्या नियमात याला सवयीची भेट म्हणतात." साहेबांनी नियमाचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. "मागणी म्हणजे नोंदलेली तक्रार. तक्रार नाही, मागणी नाही. खुर्च्या मऊ असतील हो तिथल्या."

"मऊ?"

"बाई, मी दुष्ट माणूस नाही. पण वरून विचारतील, सगळ्यात खर्चिक खोली कोणती? तर ही डायलिसिसची. तिथं मागणी किती? तर शून्य. मग मी काय सांगू? शुक्रवारी चार वाजता तक्ता वर जातो. गेला की तीन वर्षं कुलूप. त्याआधी सुधारलेले अर्ज आले तर घेईन. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीनं."

खोली बंद झाली तर दुसरी सर्वांत जवळची खोली बसनं पाच तासांवर. जायला पाच, यायला पाच, मध्ये यंत्रावर चार, आणि हे एक दिवसाआड. डायलिसिस थांबलं तर माणूस किती दिवस टिकतो, याचा तक्ताही कधीकाळी बाईंनीच केला होता. त्यातला आकडा त्यांना पाठ होता. तो मोजायला दोन्ही हातांची बोटं जवळजवळ पुरत होती.

आणि त्या बारा जणांतले एक बाईंचे अण्णा होते. वय ब्याऐंशी, फौजेतले ट्रक ड्रायव्हर. बाईंनी गठ्ठ्यातून त्यांचा अर्ज काढला. फुली इतकी सरळ की पट्टी लावून मारलेली. खाली सही. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर बाईंनी ही सही चारदा मारली होती आणि चारही वेळा पचली होती. त्यांनी पेन उचललं. टोपण काढलं. मग टोपण लावलं. कुणी फोन करून खात्री केली असती तर अण्णांनी खरं सांगितलं असतं, वर मुलीच्या अक्षराचं कौतुकही केलं असतं.

बाईंनी अर्ज पिशवीत टाकला आणि बस पकडली.

डायलिसिसच्या खोलीला म्हातारे धुलाईघर म्हणत. तीन यंत्रं, तीन खुर्च्या, रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलेला. सोमवार-बुधवार-शुक्रवार सहा जण आणि मंगळवार-गुरुवार-शनिवार सहा जण, तीन सकाळी, तीन दुपारी. अण्णांची पाळी सकाळची. त्यांच्या एका बाजूला कोठीवाले, फौजेच्या कोठारात तीस वर्षं काढलेले. दुसऱ्या बाजूला बिनतारी, म्हणजे बिनतारी यंत्रावर संदेश देणारे. बिनतारींच्या खांद्यात लढाईतला एक लोखंडी तुकडा राहिला होता आणि त्यावर रेडिओ लागायचा. मान पश्चिमेला वळवली की बातम्या, पूर्वेला वळवली की गाणी. म्हणून त्यांची खुर्ची सिस्टर नेहमी पश्चिमेला लावत. नुसती गाणी ऐकून त्यांचा रक्तदाब वाढायचा.

"अण्णा, हे तुम्ही लिहिलंत?"

अण्णांनी कागद लांब धरला. "सही माझीच."

"तक्रार नाही?"

"नाहीच आहे."

"दंडात सुई आहे तुमच्या! दोन!"

"सिस्टर छान लावते सुई. तिची तक्रार करू?"

"माझी करू नका हं," सिस्टर यंत्राची कळ फिरवत म्हणाल्या.

"सिस्टरची नाही हो, मूत्रपिंडांची करा!"

"कुणाकडे?" अण्णांनी विचारलं. "आणि बिचाऱ्यांनी ऐंशी वर्षं काम केलं. आता जाता जाता त्यांच्यावर ठपका?"

बिनतारी खुर्चीतून म्हणाले, "पोरी, तुला तक्रार म्हणजे काय ते ठाऊक नाही. आमच्या तुकडीत एकानं एकदा तक्रार केली. जेवणात खडा आहे म्हणाला. एक खडा. तर सगळ्या तुकडीला खडे वेचायला बसवलं."

"जेवणातले?"

"डोंगरातले. सतरा दिवस. निम्मा डोंगर आम्ही वेचून काढला. नकाशा बदलावा लागला. तेव्हापासून हातात हात घेऊन शपथ आहे, तक्रार नाही."

"सोळा दिवस," अण्णा म्हणाले.

"सतरा."

"तुमचे आकडे असेच. त्या रात्री बिनतारीवर 'डावीकडे वळ' सांगितलंत आणि माझा ट्रक नदीत गेला."

"मी उजवीकडे म्हटलं होतं! तुमच्या कानात वाळू होती!"

हे भांडण चाळीस वर्षांचं होतं आणि आठवड्यातून तीनदा व्हायचं. बाईंनी ते थांबायची वाट पाहिली नाही, त्या भांडणाच्या वरून ओरडल्या. बरं, तक्रार नको. त्रास होतो असं लिहा. त्यावर म्हातारे, त्रास? त्रास कुणाला नसतो, आणि आम्ही कुणाला त्रास देत नाही. मग दुखतं असं लिहा. कोठीवाले गंभीरपणे म्हणाले, "दुखतं ते पायाला. मला नाही."

मंगळवारी बाई त्या दिवसाच्या सहा जणांच्या घरी, त्यांच्या पाळीच्या वेळा सांभाळून, गेल्या. एकानं काडेपेटी उघडून गळून पडलेलं पायाचं बोट दाखवलं. "तक्रार नाही. सांभाळून ठेवलंय." दुसऱ्याला जिना चढवत नव्हता, म्हणून तो महिनाभर जिन्याच्या मधल्या वळणावर राहत होता. बायको तिथं अंथरूण आणि चहा पोचवायची. "जागा हवेशीर आहे," तो म्हणाला. बाई त्याच पायरीवर बसल्या.

बुधवारी सकाळी त्या पुन्हा धुलाईघरात आल्या, सांगण्यासारखं काही न उरलेल्या माणसासारख्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोठीवाल्यांनी त्यांना पायापासून वर न्याहाळलं.

"बाई, डावा बूट. तळ सुटलाय, टाचेपासून दोन बोटं. नोंद करा. पाऊस आला तर पायमोजा भिजेल."

"काका, ही काय तक्रार आहे?"

"छे! तक्रार कशी? सामानाची तपासणी आहे ही. बूट फाटला हे सांगणं म्हणजे अहवाल. न सांगणं म्हणजे गुन्हा!"

बाई भिंतीपासून सुट्या झाल्या. त्यांनी पिशवीतून कोरे कागद काढले आणि उभ्या रेघा ओढल्या. वस्तू. नग. स्थिती. शिफारस. शिफारशीखाली दोनच पर्याय, कोठीवाल्यांनीच सांगितलेले: चालू ठेवावे, बाद करावे.

"फौजेनं तुम्हाला घेतलं तेव्हा डॉक्टरनं तपासून घेतलं होतं ना? डोळे, दात, हातपाय, सगळं मोजून?"

"मोजून," तिघे एकदम म्हणाले.

"मग ते सामान खात्याच्या नावावर आहे. त्याची तपासणी बाकी आहे. करा."

काय सांगावं! जी माणसं तीन दिवस दगडासारखी बसली होती त्यांच्या अंगात वारं शिरलं. सुई नसलेल्या हातानं लिहायला लागली. गुडघा, उजवा, नग एक, दार उघडल्यासारखा आवाज. दात, मूळ नग बत्तीस, हजर नग चार, पैकी एक संपावर. डोळा, डावा, मोतीबिंदू, दिव्याभोवती दुसरा दिवा दिसतो. मूत्रपिंडं, नग दोन, दोन्ही पूर्ण निकामी, यंत्राशिवाय चालत नाहीत. दुपारच्या तिघांनी लिहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच बाकीच्या सहांनी लिहिलं. काडेपेटीतलं बोटसुद्धा 'सुटा भाग' म्हणून नोंदलं गेलं. चाळीस वर्षांत खात्याला इतका काटेकोर आकडा मिळाला नव्हता. बाईंनी बसमध्ये गठ्ठा मांडीवर धरला होता, बाळ धरावं तसा.

गुरुवारी दुपारी टेबलाशी बसून त्यांनी शेवटचा रकाना वाचायला घेतला. वाचायचा राहिला होता, कारण त्यात काय असणार हे इतकं उघड होतं.

अण्णांचा कागद वर होता. "एकूण वस्तू जुनी. चालवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त. बाद करावे. जागा दुसऱ्याला द्यावी."

कोठीवाल्यांचा: "बाद करावे. जागा दुसऱ्याला द्यावी." बिनतारींचा: "बाद. जागा ड्रायव्हरला द्यावी, त्याला मुलगी आहे." जिन्यावरच्याचा: बाद. काडेपेटीवाल्याचा: बाद. बाराच्या बारा. प्रत्येकानं, शेजारच्याला न सांगता, आपली जागा दुसऱ्याला देऊन टाकली होती. बाराही जणांनी दिली होती आणि घ्यायला कुणी शिल्लक नव्हतं.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "अंदाजबाई, मग काय अंदाज?" बाईंनी कागद पालथे घातले. सोमवारी निदान कागद खोटं बोलत होता. आता कागद खरं बोलत होता, सहीनिशी, आणि तो साहेबांच्या हातात दिला की खोलीला कुलूप लावायची शिफारस पेशंटांनीच केलेली.

त्यांनी सिस्टरना फोन केला. "उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा. पाळी असो नसो."

शुक्रवारी बाराही हजर. बोलावणं आलं की पोचायचं, का ते विचारायचं नाही, ही जुनी सवय. जिन्यावरच्याला अंथरुणासकट चौघांनी उचलून आणलं होतं. तिघे यंत्रावर, बाकीचे भिंतीला लागून बाकावर, काठ्या दोन पायांमध्ये. बाईंनी येताना बसमध्ये भाषण तयार केलं होतं, आकड्यांसकट, पायरी-पायरीनं. तोंड उघडलं आणि त्यातलं एक अक्षर बाहेर आलं नाही.

"माझी तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

बिनतारींचा खांदासुद्धा गप्प झाला.

"तुमच्या बाराही जणांविरुद्ध. लेखी हवी तर लेखी देते. अण्णा, पहिली तुमच्याविरुद्ध. आई गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, मी आहे. कुठं आहात? कागदावर तर बाद आहात! मी रोज सकाळी लोकांच्या मरणाचे आकडे मांडते आणि संध्याकाळी घरी येऊन विचारते, अण्णा, कसं आहे? तर म्हणे, काही नाही. चार वर्षं, काही नाही! मी त्या 'काही नाही'चा कसा अंदाज बांधू? चार वाजता कुलूप लागतंय, अण्णा. तुम्ही दहा-बारा दिवसांत जाल आणि मला आकडा आधीच माहीत आहे!"

अण्णा आपल्या नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे बघत राहिले.

कोठीवाले खाकरले. "तक्रार आली आहे," ते बाकाकडे बघून म्हणाले. "रीतसर. म्हणजे चौकशी झाली पाहिजे. कागद बघू."

त्यांनी बारा कागद नाकाजवळ धरून एकेक वाचले. वेळ जात होता. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, साडेदहा. शेवटच्या कागदावर कोठीवाल्यांची मान लाल झाली.

"हे कुणी तपासलं?"

"आम्हीच," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"स्वतःचं सामान स्वतःच? आणि त्यात मीसुद्धा! अरे, तीस वर्षं कोठारात घासली मी, आणि पहिलाच नियम विसरलो? स्वतःचं सामान स्वतः तपासायचं नसतं! शेजारच्यानं तपासायचं! सगळे कागद रद्द! कोरे आणा!"

बाईंनी कोरे कागद वाटले. मग सुरू झालं. म्हातारे एकमेकांचे डोळे ताणून बघायला लागले, गुडघ्याला कान लावायला लागले. "तोंड उघड. अजून. हा दात कधीचा रे?" "तुला काय करायचंय?" "तपासणी आहे, गप्प बस." स्वतःला दोन ओळींत निकालात काढणारी माणसं शेजाऱ्याबद्दल पानं भरत होती. शिफारस लिहिताना मात्र कुणी कुणाला आपला कागद दाखवला नाही. शाळेतल्या मुलांसारखा हात आडवा धरून लिहिलं.

बाईंनी अण्णांबद्दलचा कागद वाचला. बिनतारींचं अक्षर. "कान, नग दोन, चाळीस वर्षांपासून निकामी, मी तेव्हाच कळवलं होतं. मूत्रपिंडं, नग दोन, निकामी. हृदय, नग एक, ठीक, फक्त दाखवत नाही. शिफारस: चालू ठेवावे, ताबडतोब, विनाखंड. भांडण अपूर्ण आहे."

बारा कागद. बारा वेळा: चालू ठेवावे.

परतीची बस पुलावर अडकली. बाई उतरून चालत निघाल्या, मग पळाल्या. डाव्या बुटाचा तळ पुलावरच राहिला. चौथ्या मजल्यावर पोचल्या तेव्हा चारला अकरा मिनिटं कमी होती. लिफ्ट मध्ये कुठं अडकू नये म्हणून वर येताना त्या मनातल्या मनात कुठलाही वार, कुठलीही वेळ उच्चारत नव्हत्या.

साहेबांनी कागद उलटसुलट केले. "हे काय? तक्रार कुठं लिहिलीय?"

"नियमात 'नोंदलेली' म्हटलंय साहेब. ही नोंद आहे. त्यांच्या अक्षरात, दोन-दोन सह्या. सामानाची, तपासणाऱ्याची."

साहेबांनी 'संपावर' वाचलं, 'भांडण अपूर्ण' वाचलं. हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"तीन वर्षं मिळणार नाहीत," ते म्हणाले. "बारा माणसं, सगळी ऐंशीच्या आसपास. वरचे पहिला प्रश्न काय विचारतील तुम्हाला ठाऊक आहे. एक वर्ष टाकतो. पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. आणि गळतीचा रकाना भरा. रिकामा घेत नाहीत."

गळती म्हणजे वर्षभरात यादीतून कमी होणारे. बाईंच्या तक्त्यानुसार बारामध्ये तीन. हा आकडाही त्यांचाच, अनेक वर्षांचा, कधीच फारसा न चुकलेला. बाईंनी खुर्ची ओढली, तीन लिहिला, आणि तो आकडा लिहिताना बाराही चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून गेले. कुणासमोर थांबायचं नाही म्हणून त्या भराभर पुढं सरकत राहिल्या. तीनला चार मिनिटं असताना नव्हे, चारला तीन मिनिटं असताना तक्ता वर गेला. घड्याळाचे आकडेही त्यांना नीट वाचता येत नव्हते.

सोमवारी सकाळी त्या धुलाईघरात गेल्या तेव्हा कोठीवाले दुपारची पाळी मागून घेऊन उरलेल्या चारशे जणांच्या तपासणीला बाहेर पडले होते, काखेत कागदांची चळत.

"मंजूर?" अण्णांनी विचारलं.

"एक वर्ष."

अण्णांनी हिशेब केला. "एकशे छप्पन्न बैठका."

"एकशे सत्तावन्न," बिनतारी म्हणाले. "आजची धरून." आणि त्यांनी मान जरा पश्चिमेला वळवली. खांद्यातून हवामानाचा अंदाज ऐकू आला: अंशतः ढगाळ, सरींची शक्यता. "बघ पोरी, यांचा रोज चुकतो. त्यांना कुणी कुलूप लावतं का?"

तीन, बाईंच्या मनात आलं. तीन चुकू दे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा आकडा चुकावा म्हणून देव पाण्यात ठेवले.

"इकडे ये," अण्णा म्हणाले. त्यांच्या मांडीवर एक कागद होता, उभ्या रेघा मारलेला, रेघा पट्टी लावून. "तुझी तपासणी राहिली होती. घरात दुसरं कोण आहे शेजारी?"

बाईंनी कागद घेतला.

"मुलगी, नग एक. बूट, डावा, तळ गायब. झोप, अपुरी. डोळे, नग दोन, दोन्ही गळतात, आत्ताही. शिफारस: चालू ठेवावे." त्याखाली सही. आणि सहीखाली, ओळ संपून कागदही संपत आलेला, म्हणून बारीक अक्षरात, काठाला चिकटून: "तपासणाऱ्याला रात्री धाप लागते. दोन महिन्यांपासून. अहवाल उशिरा दिला."

बाईंनी तो दोनदा वाचला. मग सिस्टरना हाक मारली.